गाव कुठलं?

आमच्या भागात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न नावाचा विचारीत नाहीत, गावाचा विचारतात. मराठी माणूस विचारतो, "गाव कुठलं?" कन्नड माणूस विचारतो, "याव ऊर?" प्रश्न एकच; पण उत्तर मात्र विचारणारा कोठे उभा आहे ते पाहून द्यावे लागते. पुण्याला मावशीकडे गेलो की मी "बेळगाव" म्हणतो. बेळगावात कॉलेजात कोणी विचारले तर "खानापूर" म्हणतो. खानापूरच्या स्टँडवर गावाचे खरे नाव सांगतो, आणि गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून विचारले तर "वरल्या गल्लीतला, अमक्याचा नातू" असे सांगितल्याशिवाय सुटका होत नाही. चारही उत्तरे खरी. पण या चारांपैकी मला 'ठाऊक' असलेले गाव कोणते, हा प्रश्न वीस वर्षांत माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आला एका खेळामुळे. त्या खेळापायी माझे आणि माझ्या खोलीतल्या सोबत्याचे पंधरा दिवस बोलणे बंद होते. सोबती बैलहोंगलकडचा. याच अंकाच्या कन्नड विभागात त्यानेही काहीतरी लिहिले आहे असे ऐकतो. त्यात माझी बदनामी आढळली तर वाचकांनी दोन्ही बाजू ऐकून मगच निकाल द्यावा.

खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. पटावरचा खेळ म्हणावा तर पट लागतोच असे नाही. नाटक म्हणावे तर संहिता नाही. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो आणि राज्ये, घाट, राक्षस, सरायवाले असे सगळे जग तो उभे करतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे, त्या पात्राच्या तोंडून बोलायचे, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही याचा संशय आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पात्राला काय येते हे कागदावर आधीच लिहिलेले असते. कुलूप उघडणे, पोहणे, घोड्यावर बसणे अशी कौशल्ये, आणि त्यांपुढे आकडे. फाशाचे दान अधिक तो आकडा मिळून सूत्रधाराने मनात धरलेल्या आकड्याएवढे झाले की जमले.

आमच्या सूत्रधाराच्या चुलतभावाने बेंगळूरहून एक जुने नियमपुस्तक आणले होते. २००३ सालची, सुधारून काढलेली तिसरी आवृत्ती. त्यात 'स्थानिक ज्ञान' नावाचे एक कौशल्य आहे. दंतकथा, नामांकित माणसे, कायदे, चालीरीती, परंपरा हे सारे त्यात येते. ते वाचताच माझ्यातला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जागा झाला. माझे पात्र म्हणजे मिठाचे बैल हाकणारा तांडेवाला. नियमांच्या हिशेबात तो 'रोग', म्हणजे चपळ आणि थोडा लबाड, अशा वर्गातला. या वर्गाला प्रत्येक पायरीवर निदान आठ गुण खर्चायला मिळतात आणि स्थानिक ज्ञान त्याला पूर्ण दराने मिळते. पुस्तकात 'स्थानिक' म्हणजे कोठले हे लिहिलेलेच नाही! जेथे जाल तेथले. एकदा विकत घ्या आणि जगभर वापरा. इतका स्वस्त माल मी सोडतो कशाला? मी सहा गुण त्यात घातले.

सोबत्याचे पात्र योद्धा. योद्ध्याला पायरीमागे दोनच गुण, आणि स्थानिक ज्ञान हे त्याच्या वर्गाचे नसल्यामुळे त्याला दुप्पट भावाने. त्याने अर्थात एकही गुण त्यात घातला नाही. तलवार धरणाऱ्याने घालावा तरी का?

एका शनिवारी रात्री आमची मंडळी घाट ओलांडून पलीकडच्या राज्यात उतरली. वेशीवर जकातनाका. नाकेदार काही केल्या सोडीना. ते गाव सोबत्याच्या योद्ध्याचे जन्मगाव होते. त्याने तसे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवले होते. बाप लोहार, घर तळ्याकाठी, सगळे तपशिलाने. तो म्हणाला, "मी या गावचा. नाकेदाराशी कसं बोलायचं ते मला माहीत असणार." सूत्रधाराने फासा टाकायला सांगितला. सतरा पडले. पण नियम असा की ज्याने या कौशल्यात एकही गुण घातलेला नाही त्याला फक्त दहापर्यंतची, म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक असलेली गोष्टच कळते. सूत्रधाराने मान हलवली. "तुला एवढंच ठाऊक आहे की हा जकातनाका आहे."

मग मी फासा टाकला. पंधरा, अधिक सहा, अधिक बुद्धीचे दोन, तेवीस. सूत्रधार म्हणाला, "नाकेदाराचा मेहुणा गुळाचा व्यापारी. त्याचं नाव घेतलं की नाका सुटतो."

मी या गावात जन्मात पाऊल ठेवलेले नव्हते. घाटही पहिल्यांदाच उतरलो होतो. आणि मी ऐटीत त्या गावच्या पोराला त्याच्या गावच्या नाकेदाराचा मेहुणा समजावून सांगू लागलो. सोबती म्हणाला, "अरे, हे माझं गाव आहे." मी हसून म्हणालो, "तुझ्या गावाचं तुला काय ठाऊक? कागदावर शून्य आहे."

हे वाक्य इतर कोठे चालून गेले असते. आमच्या जिल्ह्यात, मराठी बोलणाऱ्याने कन्नड बोलणाऱ्याला किंवा उलट, गाव कोणाचे आणि ते कोणाला ठाऊक असे म्हटले की ते कागदापुरते राहत नाही. तो उठला, आपला कागद घडी करून वहीत ठेवला आणि झोपायला गेला. मग पंधरा दिवस खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

त्या पंधरा दिवसांत मी अभ्यास सोडून नियमपुस्तके वाचली. आपण चुकलो हे मान्य करायचे नव्हते. नियम चुकला असे सिद्ध करायचे होते. आणि गंमत अशी की नियम खरोखरच चुकलेला निघाला, पण त्यामुळे माझी बाजू काही बळकट झाली नाही.

हा घोळ माझ्याआधी अनेकांनी घातलेला आहे. याच खेळाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत स्थानिक इतिहासाचे ज्ञान होते, आणि त्याला माप घालून दिले होते. मोठा परगणा किंवा छोटासा प्रांत, एवढे. टेकडीवरचा पडका बुरूज कोणी बांधला हे त्या माणसाला ठाऊक. पुढच्या प्रांताचे नाही. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि माप गेले. लगेच पुढच्याच वर्षी 'फरगॉटन रेल्म्स' या जगाच्या पुस्तकात ते परत आणावे लागले. तेथे नुसते स्थानिक ज्ञान घेता येत नाही. वॉटरडीप शहराचे घ्या, नाहीतर दुसऱ्या एखाद्या मुलखाचे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर हे कौशल्यच नाही. अठरा कौशल्ये ठेवली, त्यांत हे नाही. त्याऐवजी पात्राची पूर्वपीठिका पाहतात. रस्त्यावर वाढलेल्या पोराला शहरातल्या बोळीबोळांतून इतरांच्या दुप्पट वेगाने जाता येते, असे काहीसे. मला ते पटले. पण त्याचा भाव काय, हे त्यात कळत नाही, आणि भाव कळल्याशिवाय आम्हा कॉमर्सवाल्यांना चैन पडत नाही.

भावाचा विचार सर्वांत सरळ केलेला मला दिसला तो 'गर्प्स' या दुसऱ्याच खेळात. स्टीव्ह जॅक्सनने तो १९८६ साली काढला. त्यातले 'प्रदेशज्ञान' तुम्ही कितीही मोठ्या मुलखाचे घ्या. गल्लीचे घ्या, गावाचे, शहराचे, सरदारकीचे, राष्ट्राचे, अख्ख्या पृथ्वीचे, हवे तर आकाशगंगेचे, किंमत एकच. प्रथम वाटते की मग गल्लीचे घेणारा मूर्खच म्हणायचा. पण पुढे मेख आहे. मुलूख जेवढा मोठा, तेवढे ज्ञान मोघम. गल्ली घेणाऱ्याला कोणाच्या परसात कुत्रे आहे ते ठाऊक. राष्ट्र घेणाऱ्याला राजधानी आणि मोठ्या नद्या. पीठ तेवढेच, भाकरी जितकी मोठी थापाल तितकी ती पातळ. आणि आणखी एक शहाणपणा आहे तेथे. ज्या ठिकाणी तुम्ही राहता, तेथले थोडेफार ज्ञान विकत न घेताही असतेच. हे वाचले तेव्हा मला लोहाराच्या पोराची आठवण झाली आणि जरा शरमल्यासारखे झाले.

वर्गात त्याच सुमारास गुडविलचे प्रकरण चालू होते. पुस्तकात तिचे प्रकार दिले आहेत, मांजर, कुत्रा आणि उंदीर. काही गिऱ्हाईक मांजरासारखे जागेला चिकटते. दुकान विकले तरी त्याच पायरीवर येते. काही कुत्र्यासारखे मालकामागे नव्या दुकानात जाते. उंदराला दोघांचेही प्रेम नसते. माझ्या तांडेवाल्याचे स्थानिक ज्ञान कुत्र्याच्या जातीचे लिहिले गेले होते, धन्यामागे घाट उतरून आले. खरे तर ते मांजर असायला हवे. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण पडले; परंतु खोलीत बोलणे अजून बंदच होते.

एवढ्यात आमच्या गावची लक्ष्मीची जत्रा आली. कितीतरी वर्षांनी भरणारी जत्रा. भांडणाच्या आधीच आईने सोबत्याला फोनवरून आमंत्रण दिले होते, ते मोडायची आम्हा दोघांचीही छाती नव्हती. बेळगाव ते गाव बसमध्ये शेजारी शेजारी बसून दोघे दोन दिशांना बघत गेलो. घरात पाऊल टाकताच ओसरीवरून आज्जीने आवाज दिला, "गाव कुठलं रे पोरा तुझं?"

त्याने बैलहोंगलजवळचे आपले खेडे सांगितले. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते नाव ऐकलेले नाही. आज्जी म्हणाली, "म्हणजे तळ्याच्या अंगानं की देवळाच्या?"

आज्जी शाळेत गेलेली नव्हती. नकाशा तिला दाखवला तर चष्मा पुसून परत द्यायची. पण तरुणपणी दरवर्षी, आणि नंतर जमेल तशी, ती मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगराला जायची. बिडी, कित्तूर, बैलहोंगल, सौंदत्ती. आधी बैलगाडीने, मग लॉरीतून. वाटेवर गोड पाण्याची विहीर कोठे, कोणत्या गावात रात्री बायकांना ओसरी मिळते, कोणत्या घरची सासू खाष्ट पण भाकरीला हात सैल, हे तिला तोंडपाठ. ती म्हणायची, मलप्रभा आपल्या कणकुंबीला जन्मते आणि पाणी देवीच्या पायांशी जाते, म्हणजे वाट आपलीच. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला त्या नदीवर मोठे धरण आहे; पण ते तिच्या हिशेबात नव्हते, जोगुळभावीचे कुंड होते. आणि आमच्याच तालुक्यात उगवून पश्चिमेला गोव्यात उतरणारी म्हादई? "त्या अंगाला आपलं कोण आहे?" हल्याळ आमच्या गावापासून सौंदत्तीच्या निम्म्या अंतरावरही नसेल. हल्याळचे तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हते. तिकडे ना कोणाची लेक दिलेली, ना देव.

मी नियमपुस्तके वाचून प्रदेश म्हणजे वर्तुळ धरले होते. किती मोठे काढायचे एवढाच वाद. आज्जीचा प्रदेश वर्तुळ नव्हताच. एक दोरी पूर्वेला साठ मैल गेलेली, दोन-तीन आखूड दोऱ्या माहेरच्या आणि लेकींच्या गावांकडे, आणि मध्ये सगळा अंधार. आणि मी? तीन वर्षे रोज नसले तरी दर आठवड्याला त्याच बसने जातो-येतो. वाटेतली गावे मला कंडक्टर ओरडतो तेवढीच ठाऊक. विहीर सोडा, एकाही गावात मी उतरलेलो नाही. आज्जीने मला मध्येच एका झाडाचे नाव विचारले, आमच्याच परसातल्या. मला सांगता आले नाही. सोबत्याने सांगितले, कन्नडमध्ये, आणि आज्जीने मान डोलावली.

मग त्याला काय सुचले कोण जाणे. त्याने वहीतून योद्ध्याचा तो घडी केलेला कागद काढला, पालथा केला, आणि आज्जीला म्हणाला, "सांगा आज्जी, सगळे मुक्काम सांगा. मी लिहून घेतो." माझ्याकडे न बघता म्हणाला, "खेळात उपयोगी पडेल." आज्जी मराठीत सांगत होती, मध्येच कन्नडमध्ये शिरत होती, तो लिहीत होता. त्याला मराठी बोलता येते पण लिहिता येत नाही, म्हणून सगळे कन्नड अक्षरांत. अकरा मुक्काम झाले. मुक्कामामागे घर, घरामागे बाईचे नाव. परतताना बसमध्ये आम्ही बोललो. काय बोललो ते येथे सांगायचे कारण नाही.

आज्जी श्रावणात गेली.

निरोप कोणाकोणाला द्यायचा, यावर वडील आणि काका ओसरीवर बसले. फोन होते, गाड्या होत्या. नावे नव्हती. सोयऱ्यांची सहा गावे वडिलांनी झरझर सांगितली, सातव्याला ते थांबले. "तिची ती यल्लम्माकडची माणसं..." एवढे म्हणून काकांकडे बघू लागले, काका माझ्याकडे. मी सोबत्याला फोन केला. कागद त्याच्याकडे होता. त्याने फोटो काढून पाठवला. घरात कन्नड वाचता येणारा मी एकटा, आणि माझे वाचन म्हणजे दहावीपर्यंतची तिसरी भाषा. अक्षर अक्षर लावीत मी अकरा नावे वाचली आणि वडिलांनी ती मराठीत लिहून घेतली. सोबत्याच्या मामाने बैलहोंगलच्या बाजूला दोन दिवस चौकशी केली. अकरांपैकी बहुतेक घरे उठून गेलेली, किंवा नावाच्या बाया आधीच गेलेल्या. तिसऱ्या दिवशी दोघी आल्या, नातवांच्या मोटरसायकलींवर मागे बसून. दारात उभ्या राहून त्यांनी विचारले, हे उप्पिनकाई अव्वाचेच घर ना? उप्पिनकाई म्हणजे लोणचे. डोंगराला जाताना आज्जी दरसाल लोणच्याची बरणी न्यायची आणि प्रत्येक मुक्कामाला वाटायची, हे आम्हांला त्यांनी सांगितले. ते नाव आमच्या घरात कोणीही कधी ऐकलेले नव्हते.

गणपतीनंतर खेळ पुन्हा सुरू झाला. पहिली बैठक सगळी वादातच गेली. मी म्हटले, गुण द्यायचे ते मुलखाला नव्हे, मुलखात जाण्याच्या कारणाला. कागदावर 'उत्तर प्रांत' असे लिहायचे नाही; 'मिठाची वाट' असे लिहायचे. मग त्या वाटेवरचे तळ, नाके, सावकार, पाणी हे सगळे त्याला ठाऊक, घाटाच्या दोन्ही अंगांचे. आणि वाटेपासून दोन कोस आत काही नाही. जन्मगाव प्रत्येकाला फुकट. आमच्यात एक जण सी.ए.ची तयारी करतो, त्याने लगेच हरकत घेतली. उद्या सूत्रधाराने आपल्याला जहाजात घालून तिसऱ्याच देशात नेले तर तुझी मिठाची वाट म्हणजे डेड स्टॉक. तेच गुण तलवारीत घातले असते तर कोठेही चालले असते. हरकत अगदी रास्त होती. अरुंद ज्ञान विकत घ्यायला लावायचे असेल तर गोष्ट त्या मुलखातच राहील असा शब्द सूत्रधाराने आधी द्यायला हवा. त्याने थोडे आढेवेढे घेऊन एक वर्षाचा शब्द दिला.

दुसरा मुद्दा सोबत्याने काढला, आणि तो आम्हां कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आमच्याच जुन्या पुस्तकात 'माहिती काढणे' असे एक वेगळे कौशल्य आहे. नव्या गावात संध्याकाळभर हिंडायचे, चार नाणी खर्चून लोकांना पेय पाजायचे, आणि मग फासा टाकायचा. दोन ते पाच तास जातात. कोठेही चालणारे स्थानिक ज्ञान हाती असेल तर हे कोण करतो? म्हणून आमच्यापैकी एकानेही ते कौशल्य कधी घेतले नव्हते. तो म्हणाला, "सगळं आधीच ठाऊक असलं तर कुणाला विचारायला नको." मी त्या रात्री माझे सहा गुण पुसले. चार 'मिठाच्या वाटे'त घातले आणि दोन माहिती काढण्यात.

पुढच्या बैठकीला आम्ही पुन्हा तोच घाट उतरलो. सूत्रधाराने मागची ती रात्र रद्द धरली होती. पुन्हा तोच नाका. या वेळी नाक्यापर्यंत योद्धा पुढे होता, आणि नाकेदाराच्या मेहुण्याचे नाव त्याला आपोआप ठाऊक होते. नाका सुटला. संध्याकाळी सरायीत मी एका म्हाताऱ्या सरायवालीसमोर बसलो. फासा हातात होता, पण टाकायच्या आधी मी विचारले, "आजी, गाव कुठलं तुमचं?"

सूत्रधार गडबडला. सरायवालीला त्याने नाव दिले होते, गाव दिले नव्हते. तो पेन्सिल कानामागे खोचून विचार करीत बसला, सोबती त्याला एकामागून एक गावांची नावे सुचवू लागला, आणि तेवढ्यात मेसची घंटा झाली.